चाकाशिवाय, नुसत्या वळ्यांची हंडी: प्राचीन प्वेब्लो पद्धतीचं भांडं न फुटता कसं भाजायचं

गेल्या काही महिन्यांत फुटलेल्या भांड्यांचे इतके फोटो माझ्याकडे आलेत की आता तडा बघूनच कळतं, चूक कुठल्या दिवशी झाली ते. आणि ती भाजायच्या दिवशी क्वचितच झालेली असते. भांडं आगीत फुटतं म्हणून सगळे आगीला दोष देतात, लाकडं बदलतात, खड्डा मोठा करतात, पुढचंही भांडं फुटतं, कारण खरी चूक माती मळताना नाहीतर तिसरी चौथी वळी (म्हणजे मातीची हाताने लांबवलेली गोल दोरी) लावताना झालेली असते. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढतेय. क्रम मोडू नका, एवढीच विनंती.

आपण करणार आहोत ती अमेरिकेतल्या प्राचीन प्वेब्लो लोकांची करडी स्वयंपाकाची हंडी. युटा, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको ही चार राज्यं जिथे एकमेकांना भिडतात त्या भागात साधारण इ.स. १००० ते १३०० च्या दरम्यान अशा हंड्यांमध्ये मका, घेवडा शिजायचा. बाहेरून वळ्या तशाच दिसत ठेवलेल्या, प्रत्येक वळीवर बोटाच्या चिमटीचे ठसे, आणि आतून मात्र गुळगुळीत. कोलंबसाच्या आधी त्या खंडात कुंभाराचं चाक नव्हतंच, त्यामुळे ही हंडी चाकावर काढून वरून रेघा मारल्या की झालं, असं अजिबात नाही. त्या वळ्या म्हणजेच भांड्याची भिंत आहे.

सुरू करण्याआधी दोन गोष्टी

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आधी सांगते. ह्या लोकांच्या जुन्या वस्त्या जिथे आहेत त्या मेसा व्हर्डे किंवा चाको कॅन्यनला फिरायला गेलात आणि जमिनीवर नक्षीची खापरी दिसली तर ती तिथेच राहू द्या. सरकारी जमिनीवरचं असं काही उचलणं १९७९ च्या पुरातत्त्व संरक्षण कायद्याने गुन्हा ठरू शकतं, आणि कायदा बाजूला ठेवला तरी होपी, झुनी, अकोमा ह्या आजच्या प्वेब्लो लोकांच्या पूर्वजांची ती वस्तू आहे. तिथली माती खणून आणणंही नको. राष्ट्रीय उद्यानातून काहीच आणायचं नसतं.

दुसरं, तुमच्या हंडीच्या बुडाला ओली असतानाच तुमचं नाव आणि वर्ष कोरा. उद्या कोणी ती जुनी म्हणून विकू नये. आणि स्वतः विकणार असाल तर मूळ अमेरिकन कारागिराने केलेली असं भासवू नका, त्यावर तिथे १९९० पासून वेगळा कायदा आहे.

सामान फार लागत नाही. दोन किलो माती, थोडी भरड (ती काय आणि किती ते खाली सांगते), कुंडीखाली ठेवतात तशी एक उथळ खोलगट थाळी, सुती कापड, नारळाच्या करवंटीचे दोन तीन तुकडे कडा घासून गुळगुळीत केलेले, चाळण, लाकडी फळी. प्वेब्लो लोक खरवडायला वाळलेल्या भोपळ्याच्या कवचाचे तुकडे वापरायचे, करवंटी तेच काम छान करते.

टप्पा १: माती निवडणं

इथेच निम्मे लोक घसरतात. काळी माती, म्हणजे आपली कापसाची जमीन, हातात लोण्यासारखी वाटते म्हणून उत्साहाने आणतात. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळताना तितकीच आकसते, उन्हाळ्यात शेताला भेगा पडतात तशाच तुमच्या हंडीला पडणार. ती नको. नुसती शाडूही नको, मूर्तीला ठीक आहे पण आपल्याला चुलीवर चढवायचं भांडं हवंय. सरळ गावातल्या कुंभारदादांकडून त्यांची तयार माती मागून आणा, किंवा परदेशात असाल तर दुकानातली कमी तापमानाची साधी माती घ्या.

✔ तपासा: करंगळीएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळा. बारीक चिरा पडल्या तर चालेल, तुकडे पडले तर माती हलकी आहे.

✔ तपासा: मातीची पट्टी करून त्यावर बरोबर १० सेंटीमीटरची रेघ मारा आणि पूर्ण वाळल्यावर मोजा. ९.३ च्या आसपास असेल तर उत्तम. ९ च्या खाली गेली तर माती जास्त आकसतेय, तिला भरड वाढवून लागेल. ही पट्टी करायचा कंटाळा करू नका, ह्या एका पट्टीने माझी कित्येक भांडी वाचली आहेत.

टप्पा २: भरड

भरड म्हणजे मातीत मिसळायचे बारीक खडे. ते आकसणं कमी करतात, वाफेला बाहेर पडायला वाट देतात आणि चुलीवर भांडं तापताना तडा पुढे सरकू देत नाहीत. मेसा व्हर्डे भागातले कुंभार ह्या करड्या हंड्यांसाठी अग्निजन्य दगड (तप्त शिलारस थिजून झालेला) कुटून घालायचे, काही ठिकाणी वाळू. नक्षीच्या पांढऱ्या भांड्यांत जुन्या फुटक्या भांड्यांचा चुरा जास्त करून असायचा.

आता महाराष्ट्रात बसून हे करणाऱ्याला आनंदाची गोष्ट अशी की आपला काळा दगड, बेसॉल्ट, हाही अग्निजन्यच. बांधकामावर मिळणारी क्रश सँड आणा, चाळून पिठासारखी बारीक पूड काढून टाका आणि रव्यापासून मोहरीएवढ्या दाण्यांपर्यंतचा भाग ठेवा. ते नाही मिळालं तर जुनी लाल कुंडी कुटून त्याचा चुरा, तोही मस्त चालतो. कुटताना तोंडाला मास्क लावा, ती धूळ फुप्फुसांना वाईट.

⚠ समुद्रावरची वाळू बिलकुल नको, शिंपले आणि मीठ दोन्ही असतं. आपल्या दगडातही कधीकधी पांढरे चुनखडीसारखे खडे येतात, ते तर जास्तच धोक्याचे, कारण भाजताना त्यांचा चुना होतो आणि नंतर हवेतलं पाणी शोषून तो फुगतो आणि भांड्यातून पापुद्रे उडतात.

✔ तपासा: मूठभर भरडीवर लिंबू पिळा. फसफसली तर ती भरड बाद.

प्रमाण मापाने घ्या, वजनाने नको. चार वाट्या मातीला एक वाटी भरड. पट्टी जास्त आकसली असेल तर तीनाला एक. लोक सगळ्यात जास्त कंजुषी इथे करतात, कारण भरड घातली की माती हाताला खरखरीत लागते आणि वळी तितकी सुंदर येत नाही. येऊ दे खरखरीत. गुळगुळीत मातीची हंडी शोकेसमध्ये छान दिसेल, चुलीवर टिकणार नाही.

टप्पा ३: मळणं आणि मुरवणं

चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट, पुरीच्या कणकेच्या जवळ. मळताना दाबून दाबून हवा काढायची, मग मधोमध तारेने कापून बघायचं, भोकं दिसली तर परत मळायचं. ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून प्लास्टिकची पिशवी बांधून निदान आठवडाभर ठेवा. ताजी मळलेली माती आणि आठ दिवस मुरलेली माती ह्यात जो फरक आहे तो लिहून सांगता येत नाही, वळी करायला घेतली की कळतो.

टप्पा ४: बूड

थाळीत सुती कापड अंथरा किंवा राख भुरभुरा, नाहीतर माती चिकटून बसते. करंगळीपेक्षा थोडी बारीक, ८ ते १० मिलिमीटर जाडीची वळी करून मधून सुरुवात करून गोल गोल गुंडाळत जा. अगदी चकली. तळहाताएवढी झाली की थांबा.

आता महत्त्वाचं. ही चकली दोन्ही बाजूंनी बोटाने पुसून एकजीव करायची आणि मग मुठीने हलकं थापटून दाबायची. बहुतेक जण वरून पुसतात आणि खालची बाजू तशीच ठेवतात, कारण ती थाळीत असते, दिसत नाही. मग भाजल्यावर बूड चकलीसारखंच उलगडतं. बूड कापडासकट उचला, पालथं करा, पुसा, परत ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे.

टप्पा ५: भिंत चढवणं

हा सगळ्या कामाचा जीव आहे, तर इथे जरा सावकाश वाचा.

पहिली चूक म्हणजे गोल गोल बंद कड्या करून एकावर एक ठेवणं. बांगड्यांची चळत लावल्यासारखं. प्वेब्लो हंडीत वळी सलग चढत जाते, एक संपली की तिचं टोक निमुळतं करायचं आणि पुढच्या वळीचं निमुळतं टोक त्यावर दोनेक सेंटीमीटर चढवून दाबायचं. हे सांधे एकाखाली एक येऊ देऊ नका.

दुसरी चूक, वळी भिंतीच्या डोक्यावर ठेवून देणं. तशी नाही ठेवायची. नवी वळी खालच्या वळीवर बाहेरच्या अंगाने थोडी उतरली पाहिजे, जशी कौलं एकावर एक चढलेली असतात तशी, वरच्याने खालच्याला अर्धवट झाकलेलं. डावा हात आतून आधाराला, बोटं सपाट भिंतीला टेकलेली, आणि उजव्या हाताचा अंगठा बाहेरून वळी खाली आणि आत दाबतो. एक दाब, मग बोटभर पुढे, परत दाब. करंजीला मुरड घालताना हात जसा आपोआप लयीत चालतो ना, तस्सं. जिच्या हाताला मुरड येते तिला हे अर्ध्या तासात जमतं, हे मी स्वतः पाहिलंय. माझ्या सासूबाईंनी पहिल्याच बैठकीत इतके सारखे ठसे काढले की मी बघतच राहिले, माझे दोन महिने वेडेवाकडे येत होते.

प्रत्येक ठसा हा नुसता नक्षी नाही, तो सांधा आहे. अंगठा दाबला की वरची वळी खालचीत घुसते. म्हणून ठसे नाजूक, वरवरचे काढले की दिसायला सुरेख पण भिंत जोडलेलीच नसते. आणि एक फेरा पूर्ण झाला की आतल्या बाजूने बोटाने वळीची माती खाली ओढून सांधा पुसून टाकायचा. बाहेर हात लावायचा नाही.

⚠ पाणी लावू नका. सांधा चिकटावा म्हणून लोक बोट पाण्यात बुडवून बुडवून वळ्या लावतात. त्याने दोन वळ्यांच्या मध्ये पातळ चिखलाचा थर राहतो, तो वेगळा आकसतो आणि तिथेच भांडं सुटतं. माती बरोबर ओली असेल तर माती मातीला पकडते. फारच वाटलं तर ओल्या फडक्याला बोट पुसून घ्या, तेवढं बास.

चार पाच फेरे झाले की थांबा. खालची माती मऊ असते, वरचं वजन आलं की पोट सुटतं आणि हंडी बसते. तासभर सावलीत ठेवायची, पण वरच्या काठावर ओलं फडकं टाकून, कारण काठ वाळला आणि त्यावर ओली वळी लावली तर तो सांधा कधीच धरत नाही. चहा प्यायला उठताना फडकं टाकायचं विसरलात तर काठ नखाने खरवडून, ओलसर करून, मगच पुढे जा.

पोट मोठं करायचं तर वळी किंचित बाहेरच्या बाजूला, गळा आवळायचा तर किंचित आत आणि वळी फेऱ्यापेक्षा जराशी तोकडी घ्या. पहिली हंडी १५ सेंटीमीटर उंचीपेक्षा मोठी करू नका.

✔ तपासा: आणि ही तपासणी कोणीच करत नाही. पहिली हंडी पूर्ण झाली की तारेने वरपासून खालपर्यंत उभी कापा. हो, कापाच. भिंतीच्या काप्यावर वळ्यांच्या रेघा किंवा बारीक फटी दिसल्या तर सांधे झालेले नाहीत. सलग एकजीव माती दिसली तर दुसरी हंडी ठेवायला करा. हीच माती परत मळून वापरता येते, वाया काहीच जात नाही.

टप्पा ६: आतून खरवडणं, तोंड

माती बोटाने दाबल्यावर ठसा उमटतो पण चिकटत नाही, अशा वेळी करवंटीने आतून खरवडा. भिंत ५-६ मिलिमीटर सगळीकडे सारखी. जाड बूड आणि पातळ गळा हा नेहमीचा घोटाळा, वाळताना दोघं वेगवेगळ्या वेगाने आकसतात. शेवटची वळी रुंद पट्टीसारखी घ्या, ती दोन्ही बाजूंनी गुळगुळीत करा आणि हलकी बाहेर वळवा.

टप्पा ७: वाळवणं

ऊन नाही. पंखा नाही. वारा नाही. सावलीत, पहिले दोन दिवस वर्तमानपत्र पांघरून, मग उघडी, आणि काठ हाताळण्याइतका कडक झाला की पालथी, म्हणजे बुडालाही हवा लागते. कोरड्या हवेत आठ दहा दिवस. पावसाळ्यात हा उद्योगच नको, जुलैत कोकणात माती वरून वाळलेली वाटते आणि आत ओल तशीच बसलेली असते.

✔ तपासा: भांडं गालाला लावा. थंड लागलं तर अजून ओल आहे. हाताला हा फरक कळत नाही, गालाला कळतो.

टप्पा ८: भाजणं

जागा मोकळी हवी, घरापासून आणि सुक्या गवतापासून लांब, वारा पडलेला. गच्चीवर किंवा सिमेंटच्या कोब्यावर नको, कोबा तापून उडतो. नदीतले गोटेही वापरू नका, आतल्या ओलीने फुटतात. सुती कपडे, कातडी हातमोजे, शेजारी पाण्याची बादली. लहान मुलं लांब.

एक गैरसमज आधी काढते. बरेच जण गोवऱ्या रचतात आणि म्हणतात की प्राचीन पद्धत हीच. गोवऱ्यांनी भांडं भाजलं जातं, आपल्याकडे भाजतातच आणि आजचे प्वेब्लो कुंभारही शेण वापरतात, पण गायी-मेंढ्या तिकडे स्पॅनिश लोकांबरोबर आल्या. त्याआधी काम लाकडावरच, त्या भागात ज्युनिपरसारखी लाकडं. मेसा व्हर्डे परिसरात दगडी फरश्या लावलेले उथळ लांब चर सापडलेत, त्यात जास्त करून नक्षीची पांढरी भांडी भाजली जायची. एका हंडीला एवढं नको, वीतभरापेक्षा थोडा खोल आणि हातभर रुंद खड्डा पुरे.

आता क्रम.

क) सकाळी रिकाम्या खड्ड्यात तासभर जाळ करा. जमिनीतली ओल जायला हवी, नाहीतर तीच ओल वाफ होऊन हंडीच्या बुडाला लागते.

ख) दुपारी जाळापासून हातभर लांब हंडी ठेवा आणि दर दहा मिनिटांनी थोडी फिरवा. हळूहळू जवळ आणा. हे निदान दोन तास चालतं, आणि लोक वीस मिनिटांत उरकतात. घरात ओव्हन असेल तर आधी ९० अंश सेल्सिअसवर तीन तास ठेवून मग जाळाजवळ आणा.

✔ तपासा: थंड स्टीलची ताटली हंडीच्या तोंडावर क्षणभर धरा. ताटलीवर दव धरलं तर आत पाणी आहे. ताटली कोरडी राहीपर्यंत पुढे जायचं नाही. एकदा दिवस मावळत आला म्हणून मी ताटलीवरचं पुसटसं दव बघूनही पुढे गेले. दहा मिनिटांत फट् असा आवाज आला आणि बुडातून पुरणपोळीएवढी खपली उडाली. तेव्हापासून अंधार झाला तर होऊ दे, ताटली आधी.

ग) निखारे पसरा, त्यावर फुटक्या कुंड्यांची खापरं. त्यावर तीन खापरांच्या आधाराने हंडी पालथी ठेवा, म्हणजे खालून हवा खेळते. शेजारी त्याच मातीचा एक वाळलेला छोटा तुकडा चाचणीसाठी ठेवा. मग मोठ्या खापरांनी तिला चहूबाजूंनी झाकून घ्या. लाकूड थेट हंडीला टेकलं की तिथे काळा डाग पडतो आणि एकाच जागी ताप बसतो.

घ) अंगठ्याएवढी सुकी लाकडं चहूबाजूंनी रचून सगळीकडून एकदम पेटवा. एका बाजूने पेटवलं तर एक गाल तापतो, दुसरा थंड राहतो, आणि उभा तडा जातो. मोठे ओंडके नकोत, ते कोसळून हंडीवर पडतात. लहान लहान लाकडं घालत राहा.

ङ) दिवेलागणीला हे करा असं मी मुद्दाम सांगते, कारण उजेडात रंग कळत नाही. खापरांच्या फटीतून हंडी मंद लाल दिसायला लागली की साधारण ६५० अंश, पिकल्या चेरीसारखी लाल झाली की साडेसातशे ते आठशे. त्या लालीत तिला वीस मिनिटं धरून ठेवा.

च) करडा रंग हवा असेल तर ज्वाळा बसल्यावर, धूर थांबल्यावर, सुकी माती वरून ओढून सगळं बुजवा. हवा तुटली की करडी. धूर असताना बुजवलं तर काजळीने काळी होते, आणि उघडी ठेवली तर लोखंड असलेली आपली माती परत तांबूस होते. तांबूस हंडीही तितकीच पक्की, त्यात कमीपणा नाही.

⚠ आणि आता हात बांधून बसा. सकाळपर्यंत उकरायचं नाही. मातीत आणि वाळूत क्वार्ट्ज (गारगोटीचं खनिज) असतं, ते ५७३ अंशांच्या आसपास एकदम आकार बदलतं, तापताना फुगतं तसं निवताना आकसतं. अर्धवट निवलेली हंडी गार हवेत काढली की टिंग असा बारीक आवाज येतो, तो तड्याचा.

टप्पा ९: वाजवून बघणं, आणि फुटलीच तर वाचणं

राख झटका, बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजली तर झाली. बद्द वाजली तर कुठेतरी तडा आहे किंवा कच्ची राहिली. कच्ची आहे का ते बघायला तिच्यासोबत भाजलेला चाचणीचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवा, चिखल झाला तर ताप कमी पडला.

फुटली असेल तर तुकडे फेकू नका, आधी नीट बघा. आडवा, वळीच्या रेषेने गेलेला तडा असेल तर टप्पा ५, सांधा सुका किंवा पाणी लावलेला होता. काठापासून खाली उतरलेला उभा तडा वाळवताना किंवा असमान पेटवल्यामुळे. बुडावर गोल फिरणारा तडा म्हणजे चकली खालून पुसली नव्हती. गोल खपल्या उडाल्या तर ओल. आणि तडा आडवातिडवा, जाळीसारखा सगळीकडे असेल तर माती जास्त आकसणारी, भरड वाढवा.

चुनखडीचं नुकसान मात्र त्या दिवशी दिसत नाही. म्हणून भाजलेली हंडी आठ दहा दिवस नुसती फळीवर ठेवा आणि रोज एक नजर टाका. मधोमध पांढरा ठिपका असलेले छोटे खड्डे उमटले तर तिच्यात रांधू नका, सुकी फुलं ठेवा. काहीच उमटलं नाही तर रात्रभर पाण्यात भिजवून, मंद आचेवर तांदळाची दाट पेज उकळा, त्या पेजेने बारीक छिद्रं बुजतात. ती पेज टाकून द्यायची. माती रस्त्याकडेची किंवा कारखान्याजवळची असेल तर मात्र तिच्यात कधीच शिजवू नका. पहिले काही दिवस गॅस बारीकच ठेवायचा, आणि गरम हंडी ओल्या ओट्यावर टेकवायची नाही, खाली चुंबळ ठेवायची.